मेकफाइलच्या डिपेंडन्सी ओळीत व्हेरिएबल जुनीच किंमत धरतंय: तपासायचं कसं, दुरुस्त करायचं कसं

मेक म्हणजे कोणती फाइल कशापासून बनते ते बघून जुनी झालेली तेवढीच परत बनवणारा प्रोग्राम, आणि त्याच्या नियमांची फाइल म्हणजे मेकफाइल. नियमात बनवायची फाइल ती टार्गेट, ती ज्यापासून बनते ती डिपेंडन्सी, आणि खालच्या कमांड म्हणजे रेसिपी. लक्षण आधी सांगतो, म्हणजे तुमचं दुखणं हेच आहे का ते लगेच कळेल. मेकफाइलमध्ये एक व्हेरिएबल आहे, ते टार्गेटच्या ओळीत डिपेंडन्सी म्हणून वापरलंय आणि खाली रेसिपीतही वापरलंय. रेसिपीतला एको (मजकूर छापणारी कमांड) बरोबर नवीन किंमत छापतो, पण नवा डेटा टाकून मेक मारलं की ते म्हणतं 'इज अप टू डेट' आणि ढिम्म हलत नाही. मग कोणीतरी आउटपुट फाइल डिलीट करतं, परत चालवतं, या वेळी सगळं बरोबर येतं, सगळे आपापल्या कामाला लागतात, आणि पुढच्या आठवड्यात परत तेच. किंवा याच्या उलट होतं, मेक अशी फाइल मागायलंय जिचं नाव तुम्ही कधीच बदलून टाकलंय, 'नो रूल टू मेक टार्गेट' म्हणून थांबतं, आणि व्हेरिएबल छापून बघितलं तर त्यात नवंच नाव दिसतं.

लातूर, परभणी, नांदेडकडं पावसाच्या आकड्यांवर काम करणाऱ्या पोरांकडून हा प्रश्न सारखा येतो म्हणून एकदा नीट लिहायलोय. मंडळनिहाय रोजचा पाऊस सीएसव्हीमध्ये (स्वल्पविरामांनी आकडे वेगळे केलेली साधी फाइल) येतो, २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर गेलेली मंडळं अतिवृष्टीची म्हणून वेगळी काढायची, जिल्ह्याचा अहवाल बनवायचा, हे सगळं मेकवर चालतं आणि ते त्यासाठी चांगलंच आहे. पण डिपेंडन्सी चुकली की अहवाल कालच्याच आकड्यांवर बसून राहतो आणि कुठंच लाल अक्षरात एरर येत नाही. ज्या मंडळात रात्री धो धो पाऊस पडून सोयाबीन पाण्यात गेलं ते मंडळ यादीत दिसत नाही, आणि अहवाल वाचणाऱ्याला वाटतं तिथं पाऊसच झाला नसंल. म्हणून हा प्रॉब्लेम मला साधा वाटत नाही.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. इथं कोड देवनागरीत लिहिलाय. जीएनयू मेकला (लिनक्सवर असतं ते मेक) व्हेरिएबलचं आणि फाइलचं नाव देवनागरीत चालतं, व्हेरिएबलच्या नावात कोलन, हॅश, बरोबरचं चिन्ह आणि स्पेस नसली की झालं. पण मेकचे स्वतःचे शब्द, म्हणजे इन्फो, ओरिजिन, वाइल्डकार्ड, इन्क्लूड वगैरे, आणि कमांड व त्यांचे ऑप्शन, हे टाइप करताना इंग्रजी अक्षरांतच टाका.

हा बघा सगळ्यात छोटा नमुना, यात पूर्ण रोग दिसतो:

हंगाम = २०२३

लातूर.अहवाल: पाऊस-$(हंगाम).सीएसव्ही
	एको वापरतोय: पाऊस-$(हंगाम).सीएसव्ही
	./अहवाल-काढ पाऊस-$(हंगाम).सीएसव्ही > लातूर.अहवाल

हंगाम = २०२४

आता विचार करा, अहवाल कोणत्या फाइलवर अवलंबून आहे? बहुतेक जण म्हणतात २०२४, कारण साध्या बरोबरच्या चिन्हानं दिलेली किंमत मेक नंतर, लागेल तेव्हा उघडतं (म्हणजे नावाच्या जागी किंमत भरतं), असं सगळीकडं शिकवलेलं असतं. ते अर्धं खरंय. रेसिपीत २०२४ येतं. डिपेंडन्सीत मात्र २०२३ येतं. म्हणजे तुम्ही २०२४ च्या फाइलमध्ये आजचा पाऊस टाकला तर मेकला त्याचं काही देणंघेणं नाही, ते २०२३ ची फाइल बघतं, ती अहवालापेक्षा जुनी आहे, विषय संपला, अप टू डेट. आणि जागा करायची म्हणून कोणी २०२३ ची फाइल काढून टाकली की लगेच मेक ओरडतं की ती फाइल कशी बनवायची ते मला माहीत नाही.

कारण असं की मेक काम दोन टप्प्यांत करतं. पहिल्या टप्प्यात ते मेकफाइल वरून खाली वाचतं, व्हेरिएबल नोंदवतं, आणि कोणतं टार्गेट कशावर अवलंबून आहे याचं जाळं तयार करतं. दुसऱ्या टप्प्यात ते जाळं बघून काय काय जुनं झालंय ते ठरवतं आणि रेसिपी चालवतं. जाळं बांधायला खरी नावं लागतात, म्हणून कोलनच्या डावीकडचं आणि उजवीकडचं, दोन्ही बाजूंचं सगळं मेक ती ओळ वाचली की तिथल्या तिथं उघडतं. रेसिपी मात्र तशीच गुंडाळून ठेवतं आणि चालवायच्या वेळी उघडतं, तोवर फाइल शेवटपर्यंत वाचून झालेली असते. रोजगार हमीच्या मस्टरसारखं समजा, सकाळी मस्टरवर जी नावं चढली ती चढली, दुपारी कोणी टोळीत येऊन मिसळलं तर ते काम करताना दिसंल पण मस्टरवर त्याचं नाव नसणार.

व्हेरिएबलला साधं बरोबर लावलंय, का कोलन-बरोबर (किंमत तिथल्या तिथं पक्की करणारं), का प्रश्नचिन्ह-बरोबर (आधी ठरलेलं नसंल तरच किंमत देणारं), याचा इथं फार फरक पडत नाही. त्यानं फक्त व्हेरिएबलच्या आत काय साठवलंय ते ठरतं. डिपेंडन्सीची ओळ किंमत मागते ती त्याच क्षणी मागते. बरेच जण सगळीकडं कोलन-बरोबर करून बघतात आणि प्रॉब्लेम तसाच राहतो, त्याचं कारण हेच.

तपासताना कुठं फसायला होतं

माझं सगळ्यात जास्त सांगणं याच भागाबद्दल आहे, कारण दुरुस्ती सोपी आहे, चुकीची तपासणी मात्र दिवस खाते.

बहुतेक मेकफाइलमध्ये व्हेरिएबल छापायचा एक नियम ठेवलेला असतो, असा:

दाखव-%:
	@एको $* = $($*)

मग 'मेक दाखव-हंगाम' मारायचं आणि किंमत बघायची. हा नियम चांगला आहे, पण डिपेंडन्सीच्या प्रश्नाला त्याचं उत्तर चुकीच्या वेळचं असतं. तो रेसिपीत छापतो, म्हणजे दुसऱ्या टप्प्यात, म्हणजे फाइल पूर्ण वाचून झाल्यावरची शेवटची किंमत. वरच्या नमुन्यात तो २०२४ दाखवंल आणि तुम्ही म्हणाल व्हेरिएबल तर बरोबर आहे, मग गडबड दुसरीकडंच कुठंतरी, आणि तिथून पुढं शोध भलत्याच रस्त्याला लागतो. रेसिपीत टाकलेल्या कुठल्याही एकोचं असंच आहे.

दुसरा फसवा प्रकार म्हणजे 'मेक हंगाम=२०२४ लातूर.अहवाल' असं कमांड लाइनवरून किंमत देऊन बघणं. कमांड लाइनवरची किंमत फाइलमधल्या सगळ्या नेमणुकांच्या वर बसते, वरच्याही आणि खालच्याही, त्यामुळं डिपेंडन्सीत आणि रेसिपीत दोन्हीकडं २०२४ च येतं आणि प्रॉब्लेम गायब होतो. कमांड लाइनवरून दिलं की चालतंय, नाही दिलं की चालत नाही, असं कोणी म्हणलं की मी आधी नियमाच्या खाली त्याच व्हेरिएबलला परत किंमत दिलेली ओळ शोधायला सांगतो.

मग बरोबर तपासणी कोणती? ज्या ओळीवर शंका आहे त्या ओळीच्या अगदी वर, त्याच फाइलमध्ये, ही ओळ टाका:

$(इन्फो ओळीआधी हंगाम=[$(हंगाम)])

ही पहिल्या टप्प्यात, वाचतावाचताच छापली जाते, त्यामुळं पुढच्या ओळीला जी किंमत मिळणार तीच दिसते. चौकोनी कंस मुद्दाम घातलेत, किमतीच्या शेवटी लपलेली स्पेस त्यानं उघडी पडते, त्याचं पुढं काम आहे. ओळीच्या सुरुवातीला टॅब देऊ नका, नाहीतर मेक तिला वरच्या नियमाची रेसिपी समजतं आणि मग ती भलत्याच वेळी उघडते. मेकफाइल एकात एक इन्क्लूड केलेल्या (म्हणजे एकीतून दुसरी वाचून घेतलेली) असतील तर इन्फोच्या जागी वॉर्निंग वापरा, ते सोबत फाइलचं नाव आणि ओळीचा नंबर छापतं. आणि इन्फोची ओळ दोनदा छापली तर घाबरून जाऊ नका, इन्क्लूड केलेली एखादी फाइल मेकनं स्वतः नव्यानं बनवली की ते सगळं पहिल्यापासून परत वाचतं.

मेकनं शेवटी काय नोंदवलं ते बघायचं असंल तर त्याचा डेटाबेसच छापून घ्या:

मेक -पीएन लातूर.अहवाल | ग्रेप '^लातूर.अहवाल:'

ग्रेप म्हणजे आउटपुटमधून पाहिजे तीच ओळ गाळून दाखवणारी कमांड. हे फार कामाचं आहे. यात उघडून झालेली डिपेंडन्सी दिसते, म्हणजे आपल्या नमुन्यात कोलनच्या पुढं पाऊस-२०२३.सीएसव्ही. ग्रेप न लावता पूर्ण आउटपुट एखाद्या फाइलमध्ये वळवलं तर प्रत्येक व्हेरिएबलच्या वर एक कॉमेंट असते, त्यात ते व्हेरिएबल शेवटचं कोणत्या फाइलच्या कितव्या ओळीत ठरलं ते लिहिलेलं असतं. तो नंबर तुमच्या नियमाच्या ओळीपेक्षा मोठा निघाला की चोर सापडला.

आणि मला स्वतःला सगळ्यात जास्त भरवशाची वाटणारी तपासणी व्हेरिएबल छापतच नाही, ती वागणं तपासते. मेकला डब्ल्यू नावाचा कॅपिटल ऑप्शन आहे, त्याच्यापुढं फाइलचं नाव दिलं की मेक ती फाइल आत्ताच बदललीय असं धरून चालतं, फाइलला हात न लावता. सोबत एन दिला की रेसिपी नुसती छापली जाते, चालत नाही:

मेक -एन -डब्ल्यू पाऊस-२०२४.सीएसव्ही लातूर.अहवाल

फक्त ही मारायच्या आधी अहवाल एकदा ताजा बनवून घ्या, नाहीतर तो आधीच जुना असला तर रेसिपी तशीही छापली जाईल आणि काही कळणार नाही. त्यानंतर रेसिपी छापली तर अहवाल खरंच २०२४ च्या फाइलवर अवलंबून आहे. 'अप टू डेट' आलं तर नाही, मग एको काही का छापंना. हीच कमांड २०२३ ची फाइल देऊन चालवा आणि तिथं रेसिपी छापली की रोगाचं नाव पक्कं झालं. एक काळजी घ्या, रेसिपीत आतून परत मेक बोलावलेलं असंल तर ती ओळ एन असतानाही चालते.

कारणं आणि त्यांचे इलाज

सगळ्यात जास्त वेळा निघणारं कारण म्हणजे कॉन्फिगची, म्हणजे व्हेरिएबलच्या किमती ठेवलेली, फाइल मेकफाइलच्या शेवटी इन्क्लूड केलेली असते. कोणीतरी नंतर जोडली, शेवटी जागा होती तिथं टाकली. इलाज एवढाच की ती इन्क्लूडची ओळ उचलून सगळ्या नियमांच्या वर न्या. व्हेरिएबल वर, नियम खाली, एवढी शिस्त पाळली तर निम्म्याहून जास्त तक्रारी येणारच नाहीत असं माझं मत आहे.

याचाच भाऊ म्हणजे अधिक-बरोबर, आधीच्या किमतीला मागं अजून जोडणारं चिन्ह. हा जास्त वाईट, कारण यात चुकीची फाइल येत नाही, फाइल येतच नाही:

जिल्हे = छत्रपती-संभाजीनगर जालना बीड लातूर धाराशिव नांदेड परभणी

सगळे: $(जिल्हे:=.अहवाल)

जिल्हे += हिंगोली

हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा झाला १ मे १९९९ ला, त्याच्या आधीचे आकडे परभणीतच असतात, म्हणून कोणीतरी हिंगोलीचा वेगळा भाग खाली लिहितं आणि तिथंच नाव जोडतं. 'मेक सगळे' सात अहवाल बनवतं, आठवा बनवत नाही, एरर नाही, वॉर्निंग नाही. दाखव-जिल्हे मारलं तर आठही नावं दिसतात. इथं डेटाबेस छापून 'सगळे' ची ओळ बघितल्याशिवाय कळतच नाही.

आता स्पेसचं प्रकरण. यात दोन वेगळी दुखणी आहेत. पहिलं, किमतीच्या शेवटी राहिलेली स्पेस:

कच्चा = माहिती   # इथं सीएसव्ही असतात

लातूर.अहवाल: $(कच्चा)/लातूर.सीएसव्ही

मेक किमतीच्या सुरुवातीची स्पेस काढून टाकतं पण शेवटची काढत नाही, आणि हॅशच्या आधी सोडलेल्या त्या तीन स्पेस किमतीतच जातात. मग डिपेंडन्सी उघडल्यावर दोन तुकडे होतात, एक 'माहिती' आणि दुसरा '/लातूर.सीएसव्ही', आणि मेक म्हणतं स्लॅश-लातूर-सीएसव्ही कशी बनवायची ते माहीत नाही. स्लॅशनं सुरू होणारं असं नाव एररमध्ये दिसलं की नव्वद टक्के हेच समजा आणि चौकोनी कंसवाली इन्फो लावून खात्री करा. इलाज म्हणजे कॉमेंट वरच्या ओळीत न्यायची, किमतीच्या ओळीत कॉमेंट लिहायचीच नाही.

दुसरं, नावातच स्पेस. २०२३ साली औरंगाबाद जिल्ह्याचं नाव छत्रपती संभाजीनगर झालं आणि उस्मानाबादचं धाराशिव. नवीन फाइल कोणी 'छत्रपती संभाजीनगर.सीएसव्ही' अशी ठेवली की मेकला त्या दोन डिपेंडन्सी दिसतात, 'छत्रपती' आणि 'संभाजीनगर.सीएसव्ही'. अवतरण चिन्हं लावून काही होत नाही, मेकला अवतरण चिन्हाचा काही विशेष अर्थच नाही, ते नावाचाच भाग धरतं. एकट्या ओळीत स्पेसच्या आधी बॅकस्लॅश दिला तर चालून जातं, पण तेच नाव व्हेरिएबलच्या यादीत टाकून फोरईच किंवा पॅटसबस्ट या यादीवर चालणाऱ्या मेकच्या फंक्शनमधून फिरवलं की परत दोन तुकडे. त्यामुळं नावात हायफन द्या आणि मोकळं व्हा, अहवालाच्या मथळ्यात पाहिजे तर स्पेस घालून छापा.

नावं बदलल्यामुळं अजून एक प्रकार बघायला मिळतो. जुन्या वर्षांच्या फाइली उस्मानाबाद नावानं आहेत, अहवाल मात्र धाराशिव नावानं पाहिजे. मग माणूस सरळ विचार करून असं लिहितो:

जुनं-धाराशिव = उस्मानाबाद
जुनं-छत्रपती-संभाजीनगर = औरंगाबाद

%.अहवाल: $(जुनं-%).सीएसव्ही

दिसायला एकदम बरोबर. पण व्हेरिएबल उघडायचं काम ओळ वाचतानाच होतं आणि टक्क्याच्या जागी जिल्ह्याचं नाव बसतं ते खूप नंतर. त्यामुळं मेक 'जुनं-%' याच नावाचं व्हेरिएबल शोधतं, टक्क्याच्या चिन्हासकट, ते नसतंच, त्याची किंमत रिकामी, आणि डिपेंडन्सी उरते नुसती '.सीएसव्ही'. न ठरवलेलं व्हेरिएबल मेकमध्ये मुकाट्यानं रिकामं होतं, हे कायम डोक्यात ठेवा. डिपेंडन्सीत डॉलर-ॲट ($@, म्हणजे टार्गेटचं नाव) वापरलं की असंच होतं, ते फक्त रेसिपीत भरलेलं असतं, टार्गेटच्या ओळीत ते रिकामं. आणि एखाद्याच टार्गेटपुरतं ठरवलेलं व्हेरिएबल, उदाहरणार्थ 'लातूर.अहवाल: मर्यादा = ६५', तेही रेसिपीतच दिसतं, डिपेंडन्सीच्या ओळीला दिसत नाही.

या तिन्ही ठिकाणी खरा इलाज दुसऱ्यांदा उघडण्याचा आहे. जीएनयू मेकमध्ये तो ३.८१ पासून आहे, म्हणजे २००६ पासून. असा लिहायचा:

.सेकंडएक्स्पान्शन:

%.अहवाल: $$(जुनं-$$*).सीएसव्ही
	./अहवाल-काढ $< > $@

पहिला शब्द टाइप करताना सगळा कॅपिटल इंग्रजी अक्षरांत, पुढचा टिंब आणि मागचा कोलन धरून. दोन डॉलर दिले की पहिल्या टप्प्यात एक डॉलर गळतो आणि उरलेलं तसंच राहतं, मग टार्गेटचा विचार करायची वेळ आली की मेक ती डिपेंडन्सी परत उघडतं, आणि तेव्हा डॉलर-तारा म्हणजे जिल्ह्याचं नाव, डॉलर-ॲट म्हणजे टार्गेटचं नाव, हे सगळं भरलेलं असतं. धाराशिव.अहवाल मागितला की उस्मानाबाद.सीएसव्ही लागते हे मेकला आपोआप कळतं. हे वापरताना लक्षात ठेवा की ती जादूची ओळ तिच्या खालच्या सगळ्याच नियमांना लागू होते, वरच्यांना नाही, त्यामुळं खालच्या एखाद्या डिपेंडन्सीत खराखुरा डॉलर पाहिजे असंल तर आता चार डॉलर द्यावे लागतील. आणि टार्गेटच्या नावात फोल्डर असंल, म्हणजे अहवालांचा वेगळा फोल्डर केला असंल आणि पॅटर्नमध्ये तो लिहिला नसंल, तर डॉलर-तारामध्ये फोल्डरही येतो आणि व्हेरिएबल परत सापडत नाही, मग पॅटर्नमध्येच फोल्डर लिहायचा.

कोणी विचारतं की मग पहिल्या नमुन्यातही दोन डॉलर देऊन पाऊस-$$(हंगाम).सीएसव्ही करून टाकलं तर? चालतं, शेवटची किंमत २०२४ येते. पण मी ते करू देत नाही. तिथं व्हेरिएबल वर नेणं हाच बरोबर इलाज आहे, कारण वाचणाऱ्याला ओळ बघून कळलं पाहिजे की काय कशावर अवलंबून आहे. टार्गेटच्या नावावरून डिपेंडन्सी ठरत असंल तेवढ्याच ठिकाणी दोन डॉलर शोभतात.

वाइल्डकार्डची तक्रार वेगळ्या शब्दांत येते, 'पहिल्यांदा मारलं की काहीच होत नाही, दुसऱ्यांदा मारलं की होतं'. डिपेंडन्सीत $(वाइल्डकार्ड माहिती/*.सीएसव्ही) असतं, म्हणजे फोल्डरमध्ये आत्ता असलेल्या सीएसव्हींची यादी, आणि त्या सीएसव्ही त्याच मेकमधला दुसरा नियम डाउनलोड करत असतो. ओळ वाचली तेव्हा फोल्डर रिकामा, यादी रिकामी, जाळ्यात काहीच नाही. दुसऱ्या वेळी फाइली आधीच पडलेल्या असतात म्हणून चालतं. इथं डिस्कवर काय आहे ते विचारायचंच नाही, जिल्ह्यांची यादी आपल्याला माहीत आहे, तीच घ्या आणि आधी फोल्डर, मागं एक्स्टेन्शन जोडून नावं बनवा. आठ जिल्ह्यांची नावं हातानं लिहायला कितीसा वेळ लागतो.

'माझ्या मशीनवर चालतंय, लॅबच्या मशीनवर नाही' असं असंल तर एन्व्हायर्नमेंटकडं, म्हणजे मेकला शेलकडून मिळणाऱ्या व्हेरिएबलकडं बघा. प्रश्नचिन्ह-बरोबरनं दिलेली किंमत तेव्हाच लागते जेव्हा ते व्हेरिएबल आधी ठरलेलं नसतं, आणि कोणाच्या बॅशआरसीमध्ये (बॅश शेलच्या सेटिंगची फाइल) त्याच नावाचं काही एक्स्पोर्ट केलेलं असलं तर तेच जिंकतं. हे इंग्रजी नावाच्या व्हेरिएबललाच होतं, देवनागरी नाव बॅशमध्ये एक्स्पोर्टच करता येत नाही. शंका असली तर $(इन्फो $(ओरिजिन नाव)) छापा, नाव च्या जागी तुमचं व्हेरिएबल, ते सांगतं की किंमत फाइलमधून आली, कमांड लाइनवरून आली, एन्व्हायर्नमेंटमधून आली का ठरलेलीच नाही.

कंस विसरणं हे कारण लहान आहे पण देवनागरीत त्याचं रूप विचित्र दिसतं. $हंगाम असं बिनकंसाचं लिहिलं तर मेक डॉलरनंतरचं एकच अक्षर व्हेरिएबलचं नाव धरतं, आणि मेकच्या लेखी अक्षर म्हणजे एक बाइट. देवनागरीचं प्रत्येक अक्षर यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं साठवायची नेहमीची पद्धत) तीन बाइटचं, त्यामुळं पहिल्या अक्षराचा एक लचका तुटतो आणि एररमध्ये तुटका चौकोन किंवा प्रश्नचिन्ह दिसतं. तसा कचरा दिसला की आधी कंस शोधा.

अजून एक खास आपलं. 'शेतकऱ्यांची-यादी' अशी नावं दोन प्रकारे टाइप होतात, एका कीबोर्डवर ऱ असा येतो, दुसऱ्यावर र, हलन्त आणि मध्ये न दिसणारं जोडचिन्ह असं येतं. डोळ्याला तेच, बाइट वेगळे, मेकसाठी दोन वेगळी व्हेरिएबल, त्यातलं एक रिकामं. मेकला '--वॉर्न-अनडिफाइन्ड-व्हेरिएबल्स' हा ऑप्शन देऊन चालवा, जिथं न ठरवलेलं व्हेरिएबल वापरलंय ती ओळ नंबरसकट दाखवतं. एरवीही हा ऑप्शन महिन्यातून एकदा तरी लावून बघावा, वर सांगितलेला 'जुनं-%' वालाही त्यात पकडला जातो.

वर्जनचं

मेक मायनस मायनस वर्जन मारून आधी बघून घ्या. मॅकवर ॲपलनं दिलेलं जीएनयू मेक ३.८१ च आहे, त्यात दुसऱ्यांदा उघडणं चालतं, इन्फो, ओरिजिन, डब्ल्यू, डेटाबेस छापणं सगळं चालतं, पण '--ट्रेस' नाही, तो ४.० पासून आला. उबुंटू २२.०४ वर ४.३ मिळतं, तिथं ट्रेस लावला तर कोणतं टार्गेट कोणत्या डिपेंडन्सीमुळं परत बनतंय ते रेसिपीसोबत छापून येतं. बीएसडीचं (लिनक्ससारख्याच दुसऱ्या सिस्टीमचं) मेक मात्र वेगळंच आहे, त्यात .टार्गेट आणि .प्रीफिक्स सारखी काही व्हेरिएबल डिपेंडन्सीच्या ओळीतही त्या त्या टार्गेटची बरोबर किंमत देतात, त्यामुळं तिकडची मेकफाइल उचलून लिनक्सवर आणली तर ती नावं इथं रिकामी होतात.

दुरुस्ती झाली की ती टिकावी म्हणून मी मेकफाइलच्या शेजारी एक छोटी शेल स्क्रिप्ट ठेवायला सांगतो. त्यात आधी सगळे अहवाल एकदा बनवून घ्यायचे, मग जिल्ह्यांच्या यादीवर लूप, प्रत्येक जिल्ह्याच्या सीएसव्हीचं नाव डब्ल्यूला द्यायचं, सोबत एनच्या ऐवजी क्यू. क्यू दिलं की मेक काही चालवत नाही, काही छापतही नाही, फक्त एक्झिट कोड देतं: शून्य म्हणजे सगळं ताजं, एक म्हणजे परत बनवायची गरज, दोन म्हणजे एरर.

मेक -क्यू -डब्ल्यू माहिती/हिंगोली.सीएसव्ही हिंगोली.अहवाल

इथं एकच आला पाहिजे. शून्य आला तर डिपेंडन्सी जाळ्यात नाही, दोन आला तर नाव उघडताना कुठंतरी तुकडा पडलाय, आणि दोन्ही वेळा स्क्रिप्टनं त्या जिल्ह्याचं नाव छापून थांबायचं. जिल्ह्यांची यादी स्क्रिप्टमध्ये वेगळी, हातानं लिहा, मेकफाइलमधून घेऊ नका, नाहीतर यादीतूनच एखादा जिल्हा गळाला तर स्क्रिप्टलाही तो दिसणार नाही. जूनमध्ये पाऊस सुरू व्हायच्या आधी आणि मेकफाइलला कोणीही हात लावला की लगेच, ही चालवायची.